निळीचा हिशोब



मागच्या आठवड्यात धाकटी सून अजरखची ओढणी घेऊन आली. "आई, झाडाच्या निळीची आहे, म्हणजे एकदम अहिंसक!" म्हणाली. मी "छान आहे" म्हटले, पण मन अडले. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी 'योगशास्त्रा'त श्रावकाने टाळायचे पंधरा व्यापार, म्हणजे कर्मादाने, सांगितली. त्यातल्या लाक्षावाणिज्यात लाखेबरोबर नीळही आहे. लाख किड्यांपासून होते हे समजते. पण पानांपासून होणारी नीळ तिच्या पंक्तीत का?

नीळ कशी होते ते वाचले आणि उलगडा झाला. निळीचे पान हिरवेच असते. त्यात इंडिकन नावाचा रंगहीन पदार्थ असतो, म्हणजे साखरेला जोडलेले इंडॉक्सिल. कापलेली रोपे हौदात दहा-पंधरा तास पाण्याखाली दाबून ठेवत. पाणी आंबले की साखर सुटी होई. मग मजूर पाण्यात उभे राहून ते काठ्यांनी झोडपत. हवेतल्या ऑक्सिजनमुळे दोन-दोन इंडॉक्सिल जोडले जात आणि निळा गाळ तळाशी बसे. तो उकळून, दाबून त्याच्या वड्या पाडत. आंबलेले पाणी, ते झोडपणे, मग उकळणे! पाणी गाळून पिणाऱ्या आपल्याला यातली जीवहिंसा वेगळी सांगायला नको.

ही नीळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून रंगवण्यासाठी तिला क्षारयुक्त पाण्यात पुन्हा पिवळट-हिरवे रूप द्यावे लागते. कापड बाहेर काढले की हवेने डोळ्यांदेखत निळे होते.

निळीच्या रेणूला ब्रोमीनचे दोन अणू जोडले की रोमच्या सम्राटांचा जांभळा रंग होतो. तो समुद्री गोगलगायींपासून काढत. 1909 साली फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाला 12,000 गोगलगायींतून जेमतेम 1.4 ग्रॅम रंग मिळाला. वाचून अंगावर काटा आला.

पण हिंसा किडामुंगीपुरती नव्हती. बंगालमध्ये 1859 साली निळीच्या सक्तीविरुद्ध शेतकरी उठले. बिहारमध्ये चंपारणला 'तीनकठिया' होती, म्हणजे वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यातले तीन कठ्ठे गोऱ्या मळेवाल्यासाठी निळीखाली ठेवायचे.

तिकडे जर्मनीत आडोल्फ फॉन बायर यांनी 1865 पासून निळीचा अभ्यास केला आणि 1883 मध्ये तिची रचना उलगडली. कारखान्यात स्वस्तात करायला मात्र आणखी चौदा वर्षे लागली. बीएएसएफ कंपनीने सुमारे 1 कोटी 80 लाख मार्क खर्चून 1897 मध्ये डांबरातल्या नॅप्थलीनपासून केलेली नीळ बाजारात आणली. रेणू तोच, शुद्धता जास्त. त्या वर्षी जगात झाडांची नीळ सुमारे 19,000 टन होत होती. 1914 पर्यंत ती 1,000 टनांवर आली.

मी कॉमर्सची, म्हणून माझा प्रश्न असा की तोटा कोणाच्या खात्यावर पडला? मळेवाल्यांनी तो रयतेच्या माथी मारला. 'निळीतून सुटका हवी? मग वाढीव खंड द्या, नाहीतर एकरकमी तावान भरा.' ज्या पिकाने पिळले, ते सोडायचीही किंमत! 1917 मध्ये गांधीजी चंपारणला गेले, चौकशी समिती नेमली गेली, तावानातले 25 टक्के परत करायचे ठरले आणि 1918 च्या कायद्याने तीनकठिया संपली. पंचवीसच टक्के का, असे मलाही वाटले. पण मळेवाल्याला परत द्यावे लागले, हीच रयतेच्या दृष्टीने मोठी जमा होती.

मग कारखान्याची नीळ निर्दोष का? तीही नाही. आज ती अॅनिलिनसारख्या विषारी रसायनापासून करतात, आणि जीन्स रंगवलेले पाणी तसेच सोडले तर नदीतल्या जिवांच्या मुळावर येते.

म्हणून सुनेला एवढेच म्हटले, "बेटा, ओढणी सुरेख आहे, जरूर वापर. फक्त 'एकदम अहिंसक' म्हणू नकोस. दहा वर्षे वापर आणि तोवर दुसरी घेऊ नकोस." ती हसली. पण त्याच संध्याकाळी मी माझे कपाट उघडले, निळ्या साड्या मोजल्या. अकरा निघाल्या. बोलणे सोपे असते, मैत्रिणींनो.

कोणाचे मन दुखावले असेल तर मिच्छामि दुक्कडम्.