मौत का कुआँचं कूळ

बेळगाव-निपाणी भागातल्या उरसा-जत्रांत आकाशपाळण्याशेजारी उभा राहणारा, फळ्यांच्या उभ्या भिंतीवर मोटारसायकल फिरवण्याचा ‘मौत का कुआँ’ सर्कशीतून आला, असं बहुतेक जण धरून चालतात. शेजारच्या अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी 1880 मध्ये पहिली भारतीय सर्कस उभी केली, त्यामुळे आपल्याकडे ते लगेच पटतं. मला पटत नाही. सर्कशीतली मोटारसायकल लोखंडी जाळीच्या गोळ्यात फिरते. तो खेळ निराळा. कुआँचं मूळ शर्यतीत आहे.

अमेरिकेत 1910 च्या सुमारास जॅक प्रिन्स लाकडी फळ्यांच्या गोल धावपट्ट्या बांधू लागला. वळणावर वेग टिकावा म्हणून बाहेरची कड उचललेली असे. 1911 मध्ये कोनी आयलंडवर अशा धावपट्टीचीच छोटी आवृत्ती आली. जागा आखडली तसा उतार चढत गेला आणि काही वर्षांत भिंत सरळ उभी राहिली. पाच मीटर त्रिज्येच्या विहिरीत टायरची पकड चांगली असेल, तर ताशी 28 किलोमीटर वेगानंही गाडी भिंतीवर टिकते! मोठ्या धावपट्ट्या मात्र अल्पायुषी ठरल्या. 1912 मध्ये न्यूअर्कला शर्यतीतल्या अपघातात स्वार एडी हॅशाबरोबर प्रेक्षकही मेले आणि या धावपट्ट्यांची बदनामी झाली.

गोल शर्यतीची दुसरी शाखा मातीवर वाढली, ती स्पीडवे. 1923 मध्ये ऑस्ट्रेलियातलं वेस्ट मेटलंड, 1928 मध्ये इंग्लंडचं हाय बीच, लगेच 1929 मध्ये संघांच्या लीग. चार स्वार, चार फेऱ्या आणि ब्रेक नसलेल्या गाड्या.

या दोन शाखा एका मोटारसायकल कंपनीच्या नावापाशी भेटतात, ते म्हणजे जावा. चेकोस्लोव्हाकियातल्या दिविशोव्हचा ‘एसो’ कारखाना स्पीडवेच्या 500 सीसी गाड्या बनवायचा. 1964 मध्ये तो जावात विलीन झाला. त्याच जावाची 250 सीसी गाडी आपल्या म्हैसूरला बनत होती. पुढे ती येझदी झाली आणि कुआँच्या फळ्यांवर चढली. जुनी येझदी स्वस्त मिळायची म्हणून, असं कोणी म्हणेल. पण स्वस्त गाड्या इतरही होत्या. टू-स्ट्रोक इंजिनाची साधी रचना आणि तंबूबाहेर बसून करता येणारी दुरुस्ती, हे खरं कारण, असं मी ठामपणे मानतो.

म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला. आता हे कूळ कुआँवाल्यांनाच विचारायला हवं. म्हणून पुढच्या उरसात एखादा भेटला तर गाडी कुठली आणि खेळ कुणाकडून शिकला, एवढं विचारा आणि लिहून ठेवा.