गणकयंत्राची निद्रा, जागृती आणि दोषाची साक्ष

गणकयंत्राच्या परिभाषेतील ‘सस्पेंड’ या शब्दाला मराठीत अद्याप स्थिर प्रतिशब्द लाभलेला नाही. ‘निलंबन’ हा शब्द कचेरीतील शिस्तभंगाच्या कारवाईशी इतका बांधला गेला आहे की तो यंत्राला लावताच चौकशी समितीची आठवण व्हावी. ‘निद्रा’ व ‘जागृती’ ही जोडी अर्थाच्या अधिक जवळ जाते. कारण येथे यंत्र बंद होत नाही, स्मृतीपुरता प्राण राखून त्याचे बाकीचे अवयव विसावतात. लोणावळ्याला पुण्याच्या लोकलमध्ये बसलेला प्रवासी लॅपटॉपचे झाकण मिटतो, मळवली व कामशेत मागे पडल्यावर तळेगावला ते पुन्हा उघडतो, आणि अर्धवट राहिलेले वाक्य पडद्यावर जसेच्या तसे असते. ही गोष्ट आज इतकी सामान्य वाटते की तिलाही इतिहास असेल हे ध्यानी येत नाही. तथापि लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली वापरणाऱ्यांना चालू शतकाच्या पहिल्या दशकात हे सुख सहजी लाभत नसे. झाकण उघडावे तो पडदा काळा, पंखा फिरत असलेला, कळफलक निश्चेष्ट. वीज तोडून यंत्र नव्याने सुरू करावे एवढाच उपाय उरे, आणि जतन न केलेले लेखन अर्थातच नष्ट होई.

या दोषांचे मूळ अधिकाराच्या वाटणीत शोधावे लागते. १९९२ मध्ये इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी सिद्ध केलेल्या ‘एपीएम’ या व्यवस्थेत यंत्राला निजविण्याचे व उठविण्याचे काम बव्हंशी यंत्रातच बसविलेल्या बायोसकडे होते. कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, केवळ विनंती करी. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘एसीपीआय’ या संहितेने हा क्रम उलटविला. निर्णय कर्नलकडे आला; प्रत्येक निर्मात्याने आपल्या यंत्रापुरत्या सूचना एका ठरावीक सांकेतिक भाषेत लिहून द्याव्यात आणि कर्नलने त्यांचा अर्थ लावून त्या पाळाव्यात, असे ठरले. कागदावर ही विभागणी निर्दोष होती. व्यवहारात मात्र त्या सूचना विंडोजवर चालतात एवढे पाहूनच अनेक निर्माते थांबले. या सूचनांमधून कार्यप्रणालीची ओळख विचारण्याची सोय होती. तिचा परिणाम असा की लिनक्स आजही विंडोजच्या नावाला होकार देतो आणि स्वतःच्या नावाला नकार. कारण खरे नाव सांगितल्यास यंत्र कोणीही न पडताळलेल्या वाटेने जाण्याचा धोका असतो. स्वनामाचा हा अपलाप भाषेच्या अभ्यासकांनी टिपून ठेवावा असाच आहे.

निद्रेची व्यवस्था लिहिणे कठीण होतेच, पण तिच्यातील दोष कोठे आहे हे शोधणे त्याहूनही कठीण होते. एरवी कर्नल अडखळला तर आपले अखेरचे शब्द पडद्यावर उमटवितो, किंवा त्याआधीच्या घटना तबकडीवरील नोंदीत सापडतात. जागृतीच्या क्षणी पडदाही निजलेला असतो आणि तबकडीही. प्रत्येक उपकरणाच्या चालकाने निद्रेपूर्वी आपली स्थिती जपून ठेवायची व उठताना ती पूर्ववत करायची; अशा अनेक चालकांपैकी एक जरी अडला तरी सारी मिरवणूक तेथेच थांबते, आणि कोण अडले हे सांगायला जागे असे कोणी उरत नाही.

लोणावळ्यापासून लोहमार्गाने ६४ किलोमीटरवरील पुण्याचे नाव या इतिहासात येते ते दोषशोधनाच्या साधनांच्या संदर्भात. ‘केजीडीबी’ या साधनाने दोन यंत्रे सीरियल तारेने जोडली जात. एकावर सदोष कर्नल चाले आणि दुसऱ्यावरून तो हव्या त्या ओळीशी थांबवून तपासता येई. लिनक्ससाठी हे साधन २००० ते २००४ या काळात अमित काळे यांनी सांभाळले, आणि पुढे २००६ पर्यंत पुण्यातील लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज या संस्थेने. मूळ कर्नलमध्ये त्याला जागा नव्हती. दोषशोधकाच्या आधाराने दोषाचे चिन्ह तेवढे झाकले जाते, मूळ संहिता वाचून समजून घेण्याची शिस्त सुटते, असे लिनस टॉरवाल्ड्स यांचे मत होते. त्यामुळे कर्नलच्या नव्या आवृत्त्यांशी बाहेरचे हे ठिगळ पुनःपुन्हा जुळवीत राहावे लागे. असे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. नव्या सोयी लिहिणाऱ्यांची नावे घेतली जातात, ठिगळ जुळविणाऱ्यांची क्वचितच. पुढे जेसन वेसेल व इंगो मोल्नार यांनी साधनाचे आटोपशीर रूप तयार केले आणि २००८ मध्ये २.६.२६ या आवृत्तीत ते कर्नलमध्ये आले.

तरीही निद्रेच्या दोषांपुढे या साधनाची मर्यादा उघड होती. ज्या तारेवरून साक्ष यायची तिचे द्वारही यंत्राबरोबर निजते. शिवाय लॅपटॉपवरून ते द्वारच नाहीसे होत चालले होते.

२००६ मध्ये टॉरवाल्ड्स यांनीच एक विलक्षण युक्ती कर्नलमध्ये घातली. यंत्र सक्तीने पुन्हा सुरू केले तरी बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळातील वेळ टिकून राहते. मग दोषाची खूण वेळ म्हणूनच का लिहू नये? १०० वर्षे, १२ महिने, २८ दिवस, २४ तास आणि तीन-तीन मिनिटांचे २० भाग यांच्या गुणाकाराने १,६१,२८,००० भिन्न खुणा मिळतात. दिवस २८ च धरले, कारण फेब्रुवारीतही तेवढे नक्की असतात; मिनिटांचे तिनाचे गट केले, कारण घड्याळ मधल्या वेळातही चालत राहते. जागृतीच्या प्रत्येक टप्प्यावर कर्नल संहितेतील ओळ व उपकरण यांची सांकेतिक संख्या तिथी-वेळेच्या रूपाने घड्याळात घाली. यंत्र अडले की तीन मिनिटांच्या आत ते नव्याने सुरू करावयाचे. मग कर्नल ती भलतीच तिथी वाचून कोणत्या उपकरणाशी ती जुळते हे सांगे. एकाच संख्येशी दोन उपकरणेही जुळू शकत. म्हणजे हाती येई तो संशय, निवाडा नव्हे. शिवाय घड्याळ बिघडे ते वेगळेच.

काळ्या पडद्याचा प्रश्न निराळ्या मार्गाने सुटत गेला. निद्रेतून उठताना चित्रफलक पूर्ववत करण्याचे काम बायोस करीलच अशी शाश्वती नव्हती. २००९ मध्ये २.६.२९ या आवृत्तीत इंटेलच्या चित्रफलकांची मांडणी कर्नलने स्वतःकडे घेतल्यावर परावलंबन बरेच घटले. त्याच सुमारास निद्रेचा क्रम मध्येच थांबवून, काही सेकंदांनी परत फिरून, टप्प्याटप्प्याने तपासण्याची सोयही झाली.

२०१३ मध्ये ३.९ या आवृत्तीपासून निद्रेचा आणखी एक प्रकार कर्नलमध्ये आला. त्यात बायोसकडे ताबा न देता प्रोसेसर केवळ स्वस्थ ठेवला जातो. नव्या लॅपटॉपांपैकी अनेकांत जुनी निद्रा आता उपलब्धच नसते, आणि तक्रारीचे स्वरूपही पालटले आहे: यंत्र जागे होते, पण मुळात ते नीट निजलेलेच नसते, पिशवीत तापते, बॅटरी उतरते. अशा वेळी प्रोसेसर किती मायक्रोसेकंद खरोखर गाढ निद्रेत होता हे दाखविणारे अंक वाचले जातात, आणि ते शून्य निघाले की कोणत्या उपकरणाने त्याला जागे ठेवले याचा शोध सुरू होतो.