दोन शर्यतींमधला मुक्काम

किलोमीटर येण्यापूर्वी मराठीत अंतरासाठी कोस होता, आणि पायी चालणाऱ्याच्या दृष्टीने कोसाहूनही कामाचा शब्द होता मजल. मजल म्हणजे एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंतची वाट. ती उन्हाळ्यात आखूड, थंडीत लांब. पाणी कुठे मिळते आणि अंधार कधी पडतो यावर ठरणारी. ‘मजल दरमजल’ म्हणताना आपण किती चाललो हे सांगत नाही, कितीदा थांबलो हे सांगतो. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या धावण्या-चालण्याचा इतिहास बघायचा तर हा शब्द हाताशी ठेवावा लागतो. आजचा हौशी धावपटू दोन मॅरेथॉनच्या मधल्या काळात तीन गोष्टींवर बोलतो: सराव, बूट आणि रिकव्हरी. या तिन्ही गोष्टी गेल्या वीसेक वर्षांत शहरातून आल्या, असा सर्वसाधारण समज आहे. सराव आणि बुटांच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. रिकव्हरीच्या, म्हणजे विसाव्याच्या, बाबतीत मात्र तो खोटा आहे. लांब पल्ल्यानंतर शरीराला कधी, किती आणि कशी उसंत द्यायची याची पक्की घडी या भागात शर्यतींच्या कितीतरी आधी बसलेली होती. फक्त ती कोणा एकाची नव्हती. विसावा दुसरे कोणीतरी आखून देत असे, आणि आजच्या धावणाऱ्याची अडचण नेमकी तिथे आहे.

पहिला पुरावा दरवर्षी डोळ्यांसमोरून जातो. तुकाराम महाराजांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 मध्ये पालखी सोहळा सुरू केला. देहूहून निघालेली पालखी पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी असे करत बारामतीला येते. पुढे काटेवाडीवरून सणसर, मग बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी आणि नीरा ओलांडून अकलूज. या वेळापत्रकाकडे भक्तीच्या डोळ्यांनी पाहण्याची सवय असल्यामुळे त्यातले शरीरशास्त्र निसटते. दिवसाची वाट साधारण पंधरा ते पंचवीस किलोमीटर. ती एका दमात कोणी चालत नाही: सकाळचा विसावा, दुपारच्या जेवणाचा विसावा, संध्याकाळी समाजआरती आणि मुक्काम. विसावा हा सोहळ्याचा अधिकृत शब्द आहे, त्याच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या आहेत, आणि कुणाला जोर आला म्हणून पालखी विसावा टाळून पुढे जात नाही. मुक्कामाच्या गावी काय होते तेही पाहावे. पाय धुणे, तेल चोळणे, फोडांवर औषध लावणे, तुटलेल्या चपलेला टाका घालून देणे ही सेवा गावकरी, वैद्य, चर्मकार मंडळी आपापल्या वाट्याने करतात. काटेवाडीत परीट समाज पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतो, आणि तिथेच मेंढ्यांचे रिंगण होते: कळप पालखीभोवती धावतो. वर्षभर कळपामागे चालणारा मेंढपाळ आणि वारीभर पालखीमागे चालणारा वारकरी यांची गाठ पडावी तर याच गावात.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. वारी म्हणजे चालणे. मॅरेथॉन म्हणजे धावणे. दोन्हींचा ताण वेगळा. आक्षेप अर्धा मान्य. टाच टेकवत चालणे आणि दोन्ही पाय क्षणभर हवेत ठेवून धावणे यांत गुडघ्यावर, पोटरीवर येणारा भार सारखा नसतो. पण बेलवाडीचे आणि इंदापूरचे गोल रिंगण पाहिलेला माणूस वारीला नुसते चालणे म्हणणार नाही. पताकावाले, डोईवर तुळस घेतलेल्या बाया, टाळकरी, वीणेकरी आपापल्या पाळीने रिंगणात धावतात. मग अश्व सुटतात. कित्येक दिवसांच्या चालीनंतर, भरल्या पोटऱ्यांनी, नऊवारीचा काष्टा आवरून घेतलेली ही धाव आहे. आणि रिंगण संपल्यावर लगेच कोणी आडवे होत नाही. फुगड्या होतात, उड्यांचे खेळ होतात, नंतर पुन्हा संथ चाल. वेगाच्या धावेनंतर एकदम थांबू नये, हलके हलत राहावे, हे आजचे प्रशिक्षक सांगतात तेच इथे खेळाच्या नावाखाली चालते. कोणी ते शास्त्र म्हणून केले असे माझे म्हणणे नाही. परिणामाने टिकलेली रीत आणि विचाराने ठरवलेली पद्धत यांतला फरक राखलाच पाहिजे. पण रीत टिकते तीही काही उपयोगामुळेच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो इतिहासातूनच येतो. या भागात जे लोक खरोखर धावत होते त्यांना विसावा कुणी दिला? जासूद आणि डाकेचे हरकारे टप्प्याटप्प्याने धावत. एकाने थैली पुढच्याच्या हाती द्यायची आणि थांबायचे. टप्पा हा शब्दही विसाव्याच्या हिशेबाचाच. कागदोपत्री ही व्यवस्था माणसाच्या दमाचा विचार करणारी वाटते. पण गावपातळीवर हेच काम महार वतनदारांच्या माथी होते. सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवणे, अंमलदाराच्या पुढे वाट दाखवत जाणे, वसूल तालुक्याला नेताना सोबत करणे, रात्री-अपरात्री हाक आली की निघणे. बदल्यात तुटपुंजे वतन आणि बलुत्याची भाकरी. पुढच्या वेशीपर्यंतची ती दौड म्हणजे टप्पाच होता, पण परतल्यावरचा वेळ त्याचा नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच वेठीविरुद्ध. आणि कनिष्ठ गावकी वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा यायला 1958 उजाडावे लागले. तेव्हा ‘आमचे पूर्वज रोज वीस कोस धावत’ असे अभिमानाने सांगणाऱ्याला विचारले पाहिजे की कोणाचे पूर्वज, आणि कोणाच्या हुकमावरून? या आक्षेपाने माझा मुद्दा मोडत नाही, उलट नेमका होतो. सराव सगळ्यांच्या पायांत होता. विसावा मात्र हक्काचा असेल तरच विसावा, आणि तो हक्क जातीनुसार वाटलेला होता. वारीत जो थांबतो त्याला कोणी उठवत नाही. वेशीवर जो बसलेला असे त्याला कोणीही उठवू शके.

मजलीचे किलोमीटर कसे झाले याचाही एक धागा इंदापुरातूनच जातो. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी 1835 च्या सुमारास मुंबई इलाख्यातली नवी जमीन-पाहणी इंदापूर तालुक्यापासून सुरू केली. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची साखळी शेताशेतातून ओढली गेली. आजही गुंठा म्हणजे त्याच साखळीचा एक चौरस. धावण्याशी याचा थेट संबंध नाही, हे कबूल. पण अंतर हे थकव्यापासून वेगळे काढून कागदावर मांडता येते ही कल्पना या मातीत अशी साखळीने आली, आणि घड्याळ लावून धावणारा माणूस तिच्याशिवाय संभवत नाही.

तो माणूस पुण्यात 1919 च्या आसपास दिसतो. डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना अध्यक्ष म्हणून गेलेल्या दोराबजी टाटांनी पुढे 1929 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्याचे वर्णन केले आहे. धावणारे बहुतेक शेतकरी घरांतले. युरोपातले नियम त्यांना ठाऊक नव्हते, शास्त्रशुद्ध सराव तर नव्हताच. शंभर यार्डांची शर्यत ते वळणावरून धावायला निघाले होते. पण सुमारे पंचवीस मैलांच्या धावेत, अनवाणी, खडीच्या रस्त्यावर त्यांनी दिलेल्या वेळा टाटांना युरोपातल्या वेळांशी तुलना करण्याजोग्या वाटल्या. त्यातून 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला सहा जणांचा संघ गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत एकोणिसावे आले. (त्या वर्षीची मॅरेथॉन 42.75 किलोमीटरची होती, 42.195 चे माप 1921 मध्ये कायम झाले. साखळी तिथेही उशिरा पोचली म्हणायची.) टाटांच्या वर्णनाचा उलगडा अनेकांनी ‘रक्तातला दम’ असा केला. मला तो पटत नाही. शेतावर राबणारा, बाजाराला पायी जाणारा, यात्रेला चालणारा माणूस वर्षभर मंद गतीचा लांब पल्ला तोडत असतो. आजचे प्रशिक्षक आठवड्याच्या बहुतेक किलोमीटरांसाठी हीच मंद गती सांगतात. रक्ताला श्रेय द्यायचे कारण नाही. श्रेय मजलींना आहे.

पायताणाबद्दल थोडेच. अनवाणी धावण्याची एक फॅशन मध्यंतरी जगभर आली, आणि आपल्याकडेही ‘आपले लोक अनवाणीच धावत’ असा सूर निघाला. ज्याला वहाण मिळत होती तो अनवाणी राहत नव्हता. धनगराची जाड तळव्याची, खिळे ठोकलेली वहाण काट्याकुट्यांच्या माळासाठी बनलेली होती. गावचा चांभार ती बलुत्यावर बनवी आणि झिजली की पुन्हा शिवून देई. आजचा धावण्याचा बूट पाचशे ते आठशे किलोमीटरांत निवृत्त होतो आणि त्याला टाका घालणारा कोणी नसतो. बूट हलका आहे, पायाला सुखाचा आहे, यात वाद नाही. पण विक्रेता बुटाबरोबर जे आश्वासन विकतो, की याने दुखापत टळेल, त्याला फारसा आधार नाही. दुखापत बहुधा घाईने वाढवलेल्या किलोमीटरांमुळे होते. स्नायूला काही आठवड्यांत दम येतो. स्नायुबंध आणि हाड यांना बळ यायला महिने लागतात, आणि मधल्या काळात दम आला म्हणून माणूस पळत सुटतो.

अनवाणी धावेचे बारामतीतले उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. पिंपळी गावच्या लता करे साठी ओलांडल्यावर, 2014 च्या सुमारास, नऊवारी लुगड्यात, अनवाणी पायांनी बारामतीतल्या ज्येष्ठांच्या धावस्पर्धेत पहिल्या आल्या. पतीच्या तपासणीसाठी पैसे हवे होते, म्हणून त्या धावल्या. पुढच्या वर्षांतही जिंकल्या. त्यांच्यावरच्या चित्रपटात त्यांनी स्वतःच भूमिका केली आणि तिच्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते, आणि ती जिद्द आहेच. पण दोन शर्यतींमधल्या काळाचा इतिहास म्हणून पाहिले तर चित्र बदलते. त्यांचा सराव म्हणजे आयुष्यभराची शेतमजुरी होती. त्यांच्या दोन धावांच्या मध्ये विसावा होता तो मजुरी मिळाली नाही त्या दिवसाचा. टाटांच्या पत्रातले अनवाणी शेतकरी आणि या बाई यांच्यात जवळजवळ शंभर वर्षांचे अंतर आहे, आणि दोघांची तयारी एकच. आपण शंभर वर्षे याच तयारीची वाहवा करतो, याचे मला नवल वाटते.

आजच्या तालुक्यात धावणारे दिसतात ते दोन जातींचे, जात हा शब्द इथे साधा घ्यावा. एक, पहाटे नीरा डाव्या कालव्याच्या कडेने किंवा शाळेच्या मैदानावर धावणारी भरतीची पोरे-पोरी. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावायचे, गुण सेकंदांवर. म्हणून सराव रोज आणि तोही जिवाच्या आकांताने. नडगी दुखू लागली तरी थांबायचे नाही, कारण जाहिरात निघाली आहे. दुसरे, पन्नाशीकडे झुकलेले डॉक्टर, शिक्षक, व्यापारी, बागायतदार. यांच्या मनगटावर घड्याळ आहे, आठवड्याचे वेळापत्रक आहे, शर्यती सलग आहेत: पावसाळा सरताना सातारा, थंडीत पुणे, जानेवारीत मुंबई. पहिल्याला विसावा घेण्याची मुभा नाही, दुसऱ्याला मुभा आहे पण घेववत नाही. घड्याळ विसाव्याचे तास मोजून दाखवते, ‘आज विश्रांती घ्या’ असे सुचवतेही. पण ते ऐकायचे की नाही हे ठरवणारा पुन्हा तोच, जो कालच मित्राचा वेग पाहून जळला आहे. पालखीत हा निर्णय त्याच्याकडे नसता.

इथे कोणी म्हणेल की जुन्या रीतीला एवढे डोक्यावर घेऊ नका. तेलाने आणि हळदीने स्नायू भरून येतात असा पुरावा नाही, तालमीतल्या मालिशीनेही नाही. भरून आणते ती झोप आणि पुरेसे खाणे, आणि हे आधुनिक संशोधनानेच नेमके सांगितले. मान्य. मालिशीचा मोठा गुण बहुधा हाच असावा की ती होत असताना पैलवान अर्धा तास पडून राहतो. मुक्कामाच्या गावातल्या तेलाचेही तसेच. पाय दुसऱ्याच्या मांडीवर असताना माणूस पळू शकत नाही. म्हणजे औषध तेलात नव्हते, थांबवण्यात होते. आणि थांबवायला दुसरा माणूस लागत होता.

आता याच वाटेवर पाटस-बारामती-इंदापूर असा रुंद पालखी महामार्ग झाला आहे. रुंदीकरणात कडेची कितीतरी जुनी झाडे गेली; विसाव्याची सावली नव्या रोपांकडून यायला वेळ लागेल. दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी पदपथ ठेवण्याची योजना होती, आणि हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेतून वाट काढत धावणाऱ्यांनाही त्यांचा उपयोग होऊ शकतो. गाळप आणि शर्यती यांचा हंगाम एकच. मॅरेथॉनचा हंगाम फेब्रुवारीत सरतो आणि पुन्हा भरात यायला भादवा-आश्विन लागतो. मधल्या काळात, जेव्हा धावणाऱ्याने सावकाश चालावे, कमी किलोमीटर करावेत असे त्याचे वेळापत्रक सांगते, तेव्हा आषाढाच्या तोंडावर बारामतीत पालखी उतरते. सकाळी ती काटेवाडीकडे निघते तेव्हा घड्याळ बांधलेले काही जण तिच्याबरोबर सणसरपर्यंत चालतात, आणि वाटेत पालखी थांबली की त्यांनाही थांबावे लागते.