‘ऊस’ शोधला, ‘उसाला’ सापडेना

आज कोडचा इतिहास, पण सुरुवात उसापासून. बारामती एमआयडीसीतल्या एका छोट्या ऑफिसात आम्ही शेतीच्या बातम्यांचं सर्च बनवत होतो. ‘ऊस’ टाकलं की ‘उसाला’ असलेली बातमी यायचीच नाही. ‘इंदापूर’चं ‘इंदापुरात’ झालं की पुन्हा तेच. प्रत्यय लागतो आणि आतला दीर्घ ऊसुद्धा ऱ्हस्व होतो. आपल्याला सवय आहे, मशीनला नाही.

शब्दाचं शेपूट कापून त्याला मूळ रूपाजवळ नेणारा कोड म्हणजे स्टेमर. इंग्रजीचा सगळ्यात गाजलेला स्टेमर मार्टिन पोर्टर यांनी १९८० मध्ये छापला. नियम मोजके, तरी लोकांनी ते आपापल्या कोडमध्ये उतरवताना चुका केल्या आणि त्या चुकाच पसरल्या. शेवटी पोर्टर यांनी स्टेमर लिहिण्यासाठी वेगळी भाषाच केली, २००१ ची स्नोबॉल. नियम एकदा लिहा, सी किंवा जावाचा कोड त्यातूनच तयार होतो. जुना स्टेमर मात्र त्यांनी गोठवून टाकला. सुधारणा हवी असेल तर वेगळ्या नावाचा नवा घ्या.

मला हा हट्टीपणा वाटायचा. मग मी आमच्या मराठी नियमांत एक दुरुस्ती केली. ‘उसाचा’मधून आधी ‘उसा’ निघायचं, आता ‘ऊस’ निघू लागलं. खूश होऊन पॅकेज अपडेट केलं. पण साठवलेल्या इंडेक्समध्ये जुनंच ‘उसा’ होतं, त्यामुळे आधी जे सापडायचं तेही गायब! सगळा इंडेक्स रात्रभर बसून नव्याने बांधला.

२०१४ मध्ये पोर्टर निवृत्त झाले, पण काम थांबलं नाही. आता ऑली बेट्स आणि इतर मंडळी ते सांभाळतात. २०१९ च्या २.० आवृत्तीत हिंदी आली. तिचे नियम नवी मुंबईतल्या एनसीएसटीच्या अनंतकृष्णन रामनाथन आणि दुर्गेश राव यांच्या २००३ च्या पेपरमधले. पेपरपासून पॅकेजपर्यंत १६ वर्षं! तमिळ, नेपाळीही त्याच वेळी आल्या. मराठी नव्हती.

आणि मराठीवर काम झालंच नव्हतं असंही नाही. २००८ च्या ‘फायर’ या सर्च-चाचणी उपक्रमात मराठी होती. त्यावर स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल विद्यापीठातल्या जॅक सावॉय आणि ल्यिल्याना डोलामिक यांनी मराठी स्टेमर तपासून २०१० मध्ये निष्कर्ष छापले. स्वित्झर्लंडमध्ये, बरं का.

आमच्याकडे आता शब्दांची एक फाइल आहे. डावीकडे ‘उसाला’, उजवीकडे ‘ऊस’. स्नोबॉलवाल्यांचीही हीच पद्धत. नियम बदलला की आधी ती फाइल चालवायची. ‘पाण्याचा’ अजून ‘पाण्य’वरच अडकलंय.