पार्क प्लेसचा जमाखर्च

न्यूयॉर्कच्या बार्कले स्ट्रीटवर सेंट पीटर्स नावाचं कॅथलिक चर्च आहे. ते पहिल्यांदा बांधलं तेव्हा स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याने १,००० डॉलर दिले होते. पायाचा दगड ५ ऑक्टोबर १७८५ रोजी बसला, तोही स्पेनचा वकील दिएगो दे गार्दोकी याच्या हातून. मी जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या लिहिल्या. त्यामुळे कुठल्याही देवस्थानाचं नाव निघालं की वर्गणी कुणाची, हा प्रश्न मला आधी सुचतो. २०१० च्या उन्हाळ्यात सेंट पीटर्सपासून एकच चौक पलीकडे, पार्क प्लेसवर, मुसलमानांचं केंद्र उभं राहणार म्हणून अख्खी अमेरिका हमरीतुमरीवर आली, तेव्हाही हाच प्रश्न सगळ्यांत मोठ्याने विचारला गेला: पैसा कुठल्या परदेशातून येणार?

अठराव्या शतकातही लोकांनी हेच विचारलं होतं. न्यूयॉर्क वसाहतीत १७०० साली कॅथलिक पाद्र्यांविरुद्ध कायदा झाला होता. सापडला तर जन्मठेप. स्वातंत्र्ययुद्धानंतर तो कायदा गेला, पण संशय राहिलाच. यांची निष्ठा रोमच्या पोपशी, यांच्या मागे स्पेन आणि फ्रान्सचे राजे, मग हे आपले कसे? शेवटी ट्रिनिटी या प्रॉटेस्टंट चर्चने तेव्हाच्या वस्तीच्या टोकाला असलेली आपली जागा त्यांना दिली. पहिली प्रार्थना १७८६ च्या नोव्हेंबरात झाली. १८०६ च्या नाताळच्या आदल्या रात्री जमावाने चर्चला वेढा घातला आणि दुसऱ्या दिवशीच्या दंगलीत एक पहारेकरी मारला गेला. हैतीत गुलाम म्हणून जन्मलेला पिएर तूसाँ याच चर्चमध्ये वर्षानुवर्षं येत असे. एलिझाबेथ सीटन, जिला पुढे संतपद मिळालं, ती १८०५ साली इथेच कॅथलिक झाली. आणि ११ सप्टेंबर २००१ ला अग्निशमन दलाचे धर्मगुरू मायकल जज यांचा मृतदेह जवानांनी उचलून आणला तोही याच चर्चमध्ये, थेट वेदीपुढे. २०१० मध्ये इथले पाद्री केव्हिन मॅडिगन यांनी आपल्या मंडळींना या जुन्या गोष्टींची आठवण करून दिली. त्या गदारोळात त्यांचं बोलणं फारसं कुणाच्या कानावर गेलं नाही.

आता पार्क प्लेसची ती इमारत. ४५ ते ४७ नंबर, पाच मजली, १८५७-५८ मध्ये एका जहाज कंपनीसाठी बांधलेली. दर्शनी बाजू इटालियन वाड्याच्या नकलेची. आमच्या वेळी तिथे बर्लिंग्टन कोट फॅक्टरीचं दुकान होतं. जर्सी सिटीत नव्याने आलेल्या कुटुंबांचे थंडीचे कोट बहुधा अशाच दुकानांतून यायचे. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना मी इथूनच कोट घेतला. नऊवारीवर तो इतका बोजड झाला की त्यांनी तो मुंबईला नेलाच नाही. जर्सी सिटीहून पाथ या भुयारी गाडीने वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरायचं, चर्च स्ट्रीटवरच्या कचेरीत जायचं, मधल्या सुट्टीत बर्लिंग्टनमध्ये चक्कर मारायची, असा रोजचा क्रम. ११ सप्टेंबरला मी भारतात होते. परत आले तेव्हा कचेरी शहराच्या वरच्या भागात हलवलेली होती आणि पुन्हा खालच्या भागात यायला दोन वर्षं गेली.

त्या दिवशी दक्षिण मनोऱ्यावर आदळलेल्या विमानाच्या चाकांच्या सांगाड्याचा एक तुकडा या इमारतीचं छत फोडून आत पडला. दुकान बंद झालं आणि इमारत आठ वर्षं तशीच पडून राहिली. जुलै २००९ मध्ये शरीफ अल-जमाल या बिल्डरने ती सुमारे ४८ लाख ५० हजार डॉलरला घेतली. मॅनहॅटनमध्ये हा भाव म्हणजे पडेल भाव. सौदा मंदीत झाला होता आणि छपराला भोक होतं. लागूनच ४९ ते ५१ नंबरचा भाग कॉन एडिसन या वीज कंपनीच्या मालकीचा, भाडेपट्ट्यावर घेतलेला. ही नोंद लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घेतल्याबरोबर तिथे शुक्रवारचा नमाज सुरू झाला. वेस्ट ब्रॉडवेवरची मशीद अल-फराह अपुरी पडत होती. तिचे इमाम फैसल अब्दुल रौफ १९८३ पासून तिथे होते. ट्रायबेकातल्या त्या मशिदीवर तोवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. खुद्द दक्षिण मनोऱ्यात १७ व्या मजल्यावर मुसलमान कर्मचाऱ्यांची नमाजाची खोली होती. मनोरे पडले तेव्हा तीही गेली. पार्क प्लेसच्या आजूबाजूला दारूचे गुत्ते, घोड्यांवर पैसे लावण्याचं दुकान आणि नग्न नाचाचा क्लब होता. मी रोज त्यांच्यावरूनच जात असे. त्यांच्यामुळे जागेचं पावित्र्य बिघडतं असं मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

रौफ, त्यांच्या पत्नी डेझी खान आणि अल-जमाल यांचा बेत मोठा होता: १३ मजले, पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, ५०० जणांचं सभागृह, पाककलेचे वर्ग, ११ सप्टेंबरच्या मृतांचं स्मारक आणि प्रार्थनेची जागा. खर्च सुमारे १० कोटी डॉलर. नाव आधी कॉर्डोबा हाउस, मग नुसतं पार्क५१. न्यूयॉर्क टाइम्सने डिसेंबर २००९ मध्ये ही बातमी पहिल्या पानावर छापली आणि काहीही झालं नाही. त्याच महिन्यात फॉक्सवर लॉरा इन्ग्रॅम या उजव्या विचारांच्या सूत्रसंचालिकेने डेझी खान यांची मुलाखत घेतली आणि त्यांचं चक्क कौतुक केलं.

नंतर मे महिना आला. २५ मे २०१० ला स्थानिक समुदाय मंडळाने या बेताला २९ विरुद्ध १ मताने पाठिंबा दिला. १० जण तटस्थ राहिले. तोवर पामेला गेलर यांच्या ब्लॉगने ‘ग्राउंड झीरो मशीद’ हे नाव रुजवलं होतं. ग्राउंड झीरोहून, म्हणजे पडलेल्या मनोऱ्यांच्या जागेहून, ती इमारत दिसतही नाही, पण नाव चिकटलं. रिपब्लिकन नेत्या सेरा पेलिन यांनी विरोधाचं ट्विट केलं. त्यांच्याच पक्षाचे न्यूट गिंग्रिच म्हणाले, सौदी अरेबियात चर्च आणि सिनेगॉग बांधू देत नाहीत तोवर इथे मशीद नको. गल्लीतल्या बांधकामाच्या परवान्याला रियाधचा नियम लावायचा, ही कल्पना मला आजही अजब वाटते. नोव्हेंबरात निवडणुका होत्या, हेही विसरता येत नाही.

पण विरोध करणारे सगळेच भाडोत्री नव्हते. आमच्या कचेरीत स्टेटन आयलंडचा एक सहकारी होता. त्याचा मेहुणा अग्निशमन दलात होता आणि उत्तर मनोऱ्यात गेला. दलाचे ३४३ जण गेले, त्यांतलाच तो. त्याचा एक तुकडाही सापडला नाही. हजाराहून अधिक घरांची तीच गत. २००६ मध्येसुद्धा जवळच्या डॉइचे बँकेच्या छपरावर हाडांचे तुकडे सापडत होते. त्याचं म्हणणं असं की कबरस्तानाची हद्द कुठे संपते ते नगरपालिकेच्या नकाशाने त्याला सांगू नये. यावर मी काय बोलणार? जुलैमधल्या क्विनिपियाक विद्यापीठाच्या पाहणीत मॅनहॅटनमध्ये ४६ टक्के बाजूने आणि ३६ विरुद्ध होते. स्टेटन आयलंडमध्ये ७३ टक्के विरुद्ध. ज्यांच्या घरात मृत्यू झाला त्यांचा राग मला कळतो. आयोवातल्या आणि अलास्कातल्या ज्यांना पार्क प्लेस नकाशावर दाखवता आलं नसतं, त्यांचा नाही.

आणि मेलेल्यांत मुसलमानही होते. सलमान हमदानी हा पाकिस्तानी घरातला, पोलीस दलाचा कॅडेट, रुग्णवाहिकेचं प्रशिक्षण घेतलेला. २३ वर्षांचा पोरगा त्या दिवशी कामावर जाताना मदतीला तिकडे धावला. बेपत्ता झाला म्हणून त्याच्यावरच संशय घेतला गेला. अवशेष ओळखले गेल्यावर मग सन्मानाने दफन झालं. त्याची आई पार्क५१ च्या बाजूने उभी राहिली.

३ ऑगस्टला शहराच्या वारसा आयोगाने ९ विरुद्ध ० मतांनी ठरवलं की ही इमारत वारसा म्हणून राखण्यासारखी नाही. म्हणजे पाडायला मोकळीक. त्याच दिवशी महापौर मायकल ब्लूमबर्ग यांनी गव्हर्नर्स आयलंडवर, मागे स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा ठेवून, भाषण केलं. १६५७ चा फ्लशिंगचा क्वेकरांसाठीचा अर्ज, ज्यूंना नाकारलेलं सिनेगॉग, सेंट पीटर्सची हकिगत, सगळं त्यात होतं. त्या वेळी आणखी एक गोष्ट छापून आली. ब्लूमबर्ग लहान असताना मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्डला त्यांच्या आईवडिलांना ज्यू म्हणून कुणी घर विकेना. वकिलाने ते आपल्या नावावर घेतलं आणि मग त्यांना विकलं. हे वाचल्यावर भाषण मला जास्त खरं वाटलं. ओबामांनी व्हाइट हाउसच्या इफ्तारला मुसलमानांच्या हक्काची बाजू घेतली आणि दुसऱ्याच दिवशी, इथे बांधणं शहाणपणाचं की नाही यावर आपण बोललो नाही, असा खुलासा केला. हक्क आहे पण वापरू नका, हा सूर त्या उन्हाळ्यात फार चालला.

ज्यूंच्या हक्कांसाठी झटणाऱ्या अँटी-डिफमेशन लीगनेही जागा बदला असं सांगितलं. त्यावर पत्रकार फरीद झकेरिया यांनी लीगने २००५ मध्ये दिलेला पुरस्कार आणि त्यासोबतचे १०,००० डॉलर परत पाठवले. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत यावर दोन दिवस चर्चा चालली. फरीद म्हणजे आपल्या रफीक झकेरियांचा मुलगा. औरंगाबादचे आमदार, महाराष्ट्राचे मंत्री, मौलाना आझाद कॉलेज काढणारे. आमचे एक औरंगाबादकर भावजी ‘आमच्या साहेबांचा फरीद’ असं म्हणून भाव खात होते, आणि पुढच्याच वाक्यात मशीद मात्र तिथे नको म्हणत होते. २०२१ मध्ये लीगने त्या भूमिकेबद्दल माफी मागितली.

२०१० साली रमजान ईद १० सप्टेंबरला आली आणि गणेश चतुर्थी ११ सप्टेंबरला. अनेक मशिदींनी ईदचे जाहीर कार्यक्रम आवरते घेतले, कारण दुसऱ्या दिवशी आनंद साजरा करताना फोटो निघाले तर? शनिवार होता, आमच्या लोकांत मोदकांची गडबड. फ्लोरिडातला एक पाद्री कुराण जाळणार म्हणून सगळ्यांचे प्राण कंठाशी आले होते. त्याने ऐनवेळी बेत सोडला. दुपारी पार्क प्लेसजवळ दोन मोर्चे निघाले, एक बाजूने, एक विरोधात. विरोधातल्या मंचावर हॉलंडहून खेर्ट विल्डर्स हे इस्लामविरोधी राजकारणी आले होते. बाहेरचे पैसे नकोत म्हणणाऱ्यांनी वक्ता बाहेरून आणला होता. आरतीनंतर भावजींनी टीव्ही लावला. ज्यांच्याकडे गणपती होता त्या यजमानीणबाईंनी रिमोट काढून घेतला, म्हणाल्या, “गणपतीसमोर हे नको.”

यानंतर मोर्चे विरले आणि खरा व्यवहार सुरू झाला. इमाम रौफ यांच्या कॉर्डोबा इनिशिएटिव्ह या संस्थेच्या २००८ च्या विवरणात शिल्लक १८,२५५ डॉलर. बांधायचे होते १० कोटींचे. वही बघितली असती तर कळलं असतं की या वादात भीती मोठी होती आणि निधी नावापुरता. जानेवारी २०११ मध्ये इमाम आणि बिल्डर वेगळे झाले. सप्टेंबरात डागडुजी केलेल्या छोट्या जागेत पार्क५१ उघडलं, न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या देशोदेशींच्या मुलांच्या फोटोंचं प्रदर्शन लावून. बाहेर निदर्शनं नव्हती. पुढच्या महिन्यात कॉन एडिसनने १७ लाख डॉलर भाडं थकल्याचा दावा केला. एका माजी अग्निशामकाचा वारसा आयोगाविरुद्धचा खटला तोवर कोर्टाने फेटाळला होता. राजकारण्यांना जे जमलं नाही ते वीज कंपनीच्या बिलाने केलं.

वाद मात्र उपनगरांत पसरला. न्यू जर्सीच्या ब्रिजवॉटरला आम्ही बालाजीच्या दर्शनाला जातो. त्याच गावात मशिदीसाठी एक जुनं हॉटेल निवडल्यावर मार्च २०११ मध्ये प्रार्थनास्थळं ठरावीक मोठ्या रस्त्यांवरच हवीत असा नवा नियम आला आणि जागा बाद झाली. २०१४ मध्ये गावाला तडजोडीत ७७ लाख ५० हजार डॉलर मोजावे लागले. ग्राउंड झीरो तिथून दीड तासावर आहे.

पार्क प्लेसची जुनी इमारत पाडली. २०१५ मध्ये अल-जमालने तिथे ४३ मजली आलिशान फ्लॅटचा मनोरा जाहीर केला. शेजारी छोटं इस्लामी संग्रहालय होईल असंही सांगितलं. २०१६ मध्ये या मनोऱ्यासाठी सुमारे २१ कोटी ९० लाख डॉलरचं कर्ज मंजूर झालं. बराचसा भाग शरियतच्या नियमांनी बांधलेला आणि देणाऱ्यांत मलेशियाची मेबँक, कुवेतची वर्बा बँक आणि सौदीची एक गुंतवणूक कंपनी. म्हणजे २०१० मध्ये ज्या आखाती पैशाच्या नुसत्या शंकेने टीव्ही पेटले होते, तो सहा वर्षांनी त्याच जागेवर उघडपणे आला, तेही शरियतच्या करारावर. वर्तमानपत्रांनी ही बातमी मालमत्तेच्या पानावर छापली. मोर्चा निघाला नाही आणि भावजींना तर ती मीच वाचून दाखवली.