फुटक्या काचेची फुलबाग

मंडळी, आपल्याकडे बांगडी ‘फुटली’ असे म्हणत नाहीत, ‘वाढली’ असे म्हणतात. फुटण्याचा अपशकुन तोंडावाटेसुद्धा निघू नये म्हणून जुन्या माणसांनी काढलेली ही तोड. पण आज ज्या काचेची हकीकत तुम्हांला सांगायची आहे, ती टवका उडाल्यावर, जोडी मोडल्यावर, घराला नकोशी झाल्यावर खरोखरच वाढली. अमेरिकेत जुन्या काचेच्या बश्या, वाडगे आणि पेले एकावर एक बसवून त्यांची मोठाली फुले करतात. ती दांड्यावर चढवून बागेत रोवतात आणि बाजारात मांडून विकतातही.

तुम्ही म्हणाल, हा रिकामपणाचा उद्योग झाला. वरवर पाहता तसे वाटते खरे. परंतु त्या एका फुलामागे दोन हजार वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्यात आपल्यालाही विचार करायला लावील असा एक प्रश्न दडलेला आहे. वस्तूची किंमत ठरते तरी कशावर?

पहिल्यापासून सुरुवात करू. काच म्हणजे काय? वाळू, सोडा आणि चुनखडी, ही तीन मुख्य द्रव्ये. ती भट्टीत घालून वितळवायची म्हणजे सुमारे पंधराशे अंशांपर्यंत उष्णता हवी. पण या मालात जुनी फुटकी काच मिसळली, तर तो घाणा कमी आचेवर वितळतो. दर शंभर भागांत दहा भाग फुटकी काच घातली, तर इंधनात सुमारे तीन टक्के बचत होते, असा आजच्या कारखान्यांचा हिशेब आहे. टक्केवारीचा हिशेब जुन्या कारागिरांना ठाऊक नव्हता, पण सरपण वाचते एवढे त्यांना पक्के कळत होते. म्हणून फुटकी काच कोणी उकिरड्यावर टाकीत नसे.

आपल्याकडे बोहारीण दारावर येते, जुने कपडे घेते आणि भांडे देते. अगदी तशीच देवघेव प्राचीन रोम शहरात चालत असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला कवी मार्शल याने टायबर नदीपलीकडच्या एका फेरीवाल्याचा उल्लेख केला आहे. तो गंधक लावलेल्या काड्या देई आणि बदल्यात फुटकी काच घेई. म्हणजे बोहारणीचा भाऊच म्हणा की!

याहून मोठा पुरावा समुद्राच्या पोटात सापडला. इसवी सन 1025 च्या सुमारास तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, सेर्चे लिमानी नावाच्या लहानशा बंदरात, एक जहाज बुडाले. 1977 ते 1979 या तीन वर्षांत जॉर्ज बास या संशोधकाच्या देखरेखीखाली पाणबुड्यांनी त्यातला माल वर काढला. त्यात सुमारे तीन टन काच निघाली. दोन टन कच्ची काच, आणि एक टन नुसती फुटकी भांडी! भंगार भरून एवढे जहाज समुद्रावर घालायचे, तर त्या भंगाराला भाव असलाच पाहिजे. बोडरुम येथील संग्रहालयात ही काच आज पाहावयास मिळते.

मग एवढ्या मोलाची काच फुकट कधी झाली? तिला फुकट केले यंत्राने.

पूर्वी कारागीर लांब नळीच्या टोकाला तापलेल्या काचेचा गोळा घेऊन फुंकून भांडे घडवी. 1820 नंतर अमेरिकेत काच साच्यात दाबून भांडी काढण्याची रीत सुरू झाली. साच्यावरची नक्षी आपोआप बशीवर उमटू लागली. 1903 मध्ये ओहायो राज्यातील टोलेडो शहरात मायकेल ओवेन्स याने आपोआप बाटल्या काढणारे यंत्र उभे केले. आणि मग 1929 साल उजाडले. त्या वर्षी ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, पुढे कारखाने बंद पडले, माणसे घरी बसली. हा काळ महामंदीचा काळ म्हणून ओळखला जातो.

गंमत अशी की, याच पडत्या काळात काचेची भांडी कधी नव्हे एवढी निघू लागली. ओहायोतल्याच लँकेस्टर गावी हॉकिंग नावाची कंपनी होती. तिने मिनिटाला नव्वद नग काढणारे यंत्र बसविले आणि दोन पेले पाच सेंटांना विकायला काढले. गुलाबी, हिरव्या, पिवळसर, निळ्या अशा रंगांच्या या भांड्यांत बारीक बुडबुडे असत, साच्याच्या सांध्याची रेघही दिसे. पण रंग मोठे लोभस! ओटच्या पिठाच्या डब्यातून गिऱ्हाइकाला एखादी बशी किंवा पेला भेट मिळे. चित्रपटगृहांचे मालक आठवड्यातून एका रात्री तिकिटाबरोबर एक भांडे देत. या आठवड्यात कप, पुढच्या आठवड्यात बशी, त्यापुढे वाडगा, असा क्रम. सबंध संच जुळवायचा तर किती तरी वेळा जावे लागे.

आता त्या घरातल्या बाईचा विचार करा. नवऱ्याचे काम सुटलेले, घरभाडे थकलेले. अशा दिवसांत एकेक करून जमविलेली गुलाबी बशी ती मेजावर मांडत असेल, तेव्हा कारखानदाराच्या वहीतली किंमत तिच्या डोळ्यांपुढे असेल काय? वहीत ती बशी जवळजवळ फुकटची होती, घरात मात्र नव्हती. किंमत ठरते कशावर, या प्रश्नाचे पहिले उत्तर इथे मिळते.

पुढे दिवस पालटले. दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी नवी भांडी आली, प्लॅस्टिक आले. जुन्या बश्या माळ्यावर गेल्या. 1970 च्या सुमारास शौकीन मंडळी त्या हुडकून जमवू लागली, त्यांच्यावर पुस्तके निघाली. पण संग्राहकाला हवे असते बिनडागी आणि दुर्मीळ भांडे. ज्याच्या काठाचा टवका उडाला, ज्या कपाची बशी हरवली, त्याला तिथे थारा नसे. आजी गेली, नातवंडांची घरे लहान, मग खोकी बांधून भांडी जुन्या सामानाच्या दुकानात जात. धर्मादाय संस्थांची अशी दुकाने अमेरिकेत गावोगाव आहेत. त्यांतल्या ‘गुडविल’ या संस्थेची सुरुवात 1902 मध्ये बोस्टन शहरात एडगर हेल्म्स या पाद्र्याने केली. सधन वस्तीतून जुने सामान गोळा करायचे, गरिबांकडून ते दुरुस्त करवून घ्यायचे आणि विकून त्यांना मजुरी द्यायची, ही त्याची कल्पना. बागेतले काचेचे फूल करणाऱ्यांना माल मिळतो तो बहुतेक अशाच दुकानांतून.

पण स्वयंपाकघरातली काच बागेत गेली कशी? तर तिची वाट बाटलीने आधीच पाडून ठेवली होती. अमेरिकेच्या दक्षिण भागात, मिसिसिपीसारख्या राज्यांत, अंगणातल्या झाडाच्या फांद्यांवर रंगीत बाटल्या उपड्या अडकविण्याची चाल आहे. भूतबाधा रात्री बाटलीच्या रंगाला भुलून आत शिरते, अडकते आणि सकाळच्या उन्हाने नाहीशी होते, अशी समजूत. त्यासाठी निळी बाटली सर्वांत चांगली मानीत. गुलाम म्हणून आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांच्या परंपरेतून ही चाल आली, असे अभ्यासक सांगतात. युडोरा वेल्टी या लेखिकेने 1930 नंतरच्या दशकात अशा झाडांची छायाचित्रे घेतली, आणि आपल्या एका कथेतही हे झाड आणले. ज्यांच्या हाती स्वतःचे काही नव्हते, त्यांनी दुसऱ्याने रिकामी करून टाकलेल्या बाटलीतून दाराला राखण आणि अंगणाला शोभा मिळविली.

दुसरे उदाहरण लॉस एंजेलिस शहरातले. सायमन रोडिया हा इटलीहून आलेला साधा मजूर. 1921 ते 1954 अशी तेहेतीस वर्षे, दिवसाचे काम आटोपून, त्याने एकट्याने लोखंडी सळ्या आणि सिमेंट यांचे मनोरे उभारले. त्यांवर फुटक्या बश्या, फरशा, शिंपले, हिरव्या-निळ्या बाटल्यांच्या काचा जडविल्या. सर्वांत उंच मनोरा जवळजवळ शंभर फूट आहे. पुढे नगरपालिकेने मनोरे धोक्याचे ठरवून पाडायचा हुकूम काढला. 1959 मध्ये त्यांची ताकद पाहण्यासाठी यंत्राने ताण दिला, तर मनोरा जागचा हलला नाही, यंत्राचाच दांडा वाकू लागला! आपल्या देशात चंदीगड येथे रस्ते-निरीक्षक नेकचंद यांनी 1957 च्या सुमारास जंगलाच्या एका कोपऱ्यात, कोणाला नकळत, अशीच सृष्टी रचायला घेतली. फुटक्या बांगड्या आणि फुटकी चिनी भांडी यांच्या त्या मूर्तींची बाग 1976 मध्ये लोकांना खुली झाली.

आता फुलाची कृती ऐका. खाली मोठी तबकासारखी बशी, ती बाहेरची पाकळी. तिच्यावर खोलगट वाडगा, त्यावर लहान बशी, आणि मध्ये परागाच्या जागी डब्याच्या झाकणाची काचेची मूठ. प्रत्येकाच्या मध्यभागी भोक पाडून नट-बोल्टाने सारे आवळतात. काचेला धातू टेकू नये म्हणून मध्ये रबराचा वायसर घालतात. काही जण भोक न पाडता सिलिकोनच्या लुकणाने थर चिकटवतात. मागे तांब्याचा किंवा लोखंडी दांडा बसवितात.

भोक पाडणे हे यातले कसबाचे काम. हिऱ्याची कणी बसविलेले टोक लागते. ते हळू फिरवायचे आणि वर पाण्याची धार ठेवायची. पाण्याने काच तापत नाही आणि भुकटी उडत नाही. ती भुकटी डोळ्यांत आणि छातीत जाणे वाईट, म्हणून चष्मा आणि नाकावर पट्टी हवीच. आणखी एक गोष्ट. कडक केलेली, म्हणजे पडली तरी सहसा न फुटणारी काच असते ना, तिला भोक पाडता येत नाही. टोक आत शिरले की सबंध भांड्याचा चुरा होतो. जी काच बाहेरून सर्वांत बळकट, तिच्याच पोटात सर्वांत जास्त ताण!

उन्हाचीही एक करामत पाहा. 1915 च्या सुमारापर्यंत अमेरिकेत काच पांढरी स्वच्छ दिसावी म्हणून तिच्यात मँगेनीज घालीत. अशी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली की हळूहळू जांभळी होते. म्हणजे बागेत ठेवलेले फूल न कोमेजता रंग पालटते. थंडीत मात्र जपावे लागते. वाडग्यात साचलेल्या पाण्याचे बर्फ झाले की ते फुगते आणि काच तडकते. म्हणून हिवाळ्याआधी ही फुले काढून घरात ठेवतात.

आणि विक्री? ही फुले शेतकरी बाजारात, चर्चच्या जत्रेत, हस्तकलेच्या मेळ्यात मांडतात. जाणता विक्रेता ती जमिनीवर पसरून ठेवीत नाही. दांड्यावर उभी करतो, आणि अशा अंगाला की मागून ऊन यावे. काच विकायची तर आधी उजेड दाखवावा लागतो. पण खरी अडचण भावाची. गिऱ्हाईक म्हणते, “या बश्या तर मीही चार पैशांत आणीन!” खरेच आहे ते. पण चार बश्या जुळवायला दहा दुकाने पालथी घातली, भोक पाडताना एक तडकली, टोक झिजले, दुपार गेली, हे त्या चार पैशांत कुठे येते? जी कारागीर बाई फक्त बश्यांचा खर्च धरून भाव सांगते, ती आपले हात फुकट देते. हे दुखणे अमेरिकेतले खरे, पण आपल्याकडे गोधडी शिवणाऱ्या बाईला ते काय कोणी समजावून सांगायला हवे?

यात एक वादही आहे. संग्राहक म्हणतात, जुन्या बशीला भोक पाडणे म्हणजे इतिहासाला भोक पाडणे. हे यंत्र गेले, साचे गेले, अशी बशी पुन्हा निघायची नाही. कारागीर म्हणतात, खोक्यात बंद बशी कोणाचा इतिहास सांगते? दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. समंजस कारागीर यातून एक वाट काढतात. अखंड आणि दुर्मीळ भांडे संग्राहकाकडे जाऊ द्यायचे, आणि टवका उडालेले, जोडी मोडलेले तेवढे फुलाला घ्यायचे. मोडीत कोणाला काढायचे, याचा निर्णय हाती गिरमिट घेण्याआधी करायचा असतो, नंतर नव्हे.

गुरुजी, आता शेवटची गोष्ट तुमच्यासाठी. आपल्या महाराष्ट्रात काचेचा इतिहास परका नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले, आणि त्या पैसा फंडातून 1908 मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीने पुढे घरोघर प्रभाकर कंदील पोचविला. तेव्हा वर्गात एखाद्या दिवशी जुन्या कंदिलाची काच किंवा टवका उडालेली बरणी घेऊन जा. धार कोणाला लागू नये म्हणून ती तुमच्याच हाती ठेवा. मुलांना विचारा : ही कोणी केली असेल? हिला किती आच लागली? घरात कोणी जपली? आणि आता हिचे काय करावे? शेतात फेकली तर ती कुजणार नाही, बैलाच्या खुरात किंवा अनवाणी पोराच्या पायात जाईल. भट्टीत गेली तर सरपण वाचवील. चार जणांच्या कल्पकतेत सापडली तर कदाचित फूलही होईल. मुले काय उत्तरे देतात ती फळ्यावर लिहून ठेवा. किंमत कशावर ठरते, याचा धडा त्यांतूनच तयार होईल.