वाफेचें लहान इंजिन आणि नवशिका कारागीर

आगगाडीचें वाफेचें इंजिन लहान प्रमाणावर तयार करून तें खऱ्या कोळशानें व खऱ्या वाफेनें चालविणें, हा इंग्लंडांत शंभराहून अधिक वर्षें चालत आलेला छंद आहे. पुष्कळांस हा रिकामपणाचा पोरखेळ वाटेल. परंतु त्याचा इतिहास पाहूं जातां निराळेंच कांहीं दिसून येतें. ज्यानें कारखान्याचें तोंडही पाहिलेलें नाहीं अशा माणसाच्या हातीं यंत्रविद्या कशी पोंचवावी, या प्रश्नाचें एक उत्तर त्या इतिहासांत सांपडतें. म्हणून तो येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मोठें इंजिन आधीं व त्याची प्रतिकृति मागून, असा आपला सामान्य समज असतो. प्रत्यक्षांत घडलें तें उलट. बोल्टन व वॅट यांच्या कारखान्यातर्फे विल्यम मर्डॉक हा कॉर्नवॉलमधील खाणींवर पाणी उपसण्याचीं यंत्रें उभारीत असे. त्यानें १७८४ सालीं रेडरूथ गांवीं तीन चाकांची एक चिमुकली वाफेची गाडी केली. तिचा बॉयलर तांब्याचा असून खालीं स्पिरिटचा दिवा जळत असे. वॅटला ही कल्पना रुचली नाहीं, आणि मर्डॉकचा प्रयत्न तेथेंच थांबला. त्याच प्रांतांतील रिचर्ड ट्रेव्हिथिक यानेंही प्रथम लहान नमुनेच केले. पुढें १८०१ सालीं कँबोर्न येथें त्यानें मोठी गाडी रस्त्यावर चालविली व १८०४ सालीं वेल्समधील पेनिडॅरन येथें रुळांवर इंजिन धांवून दाखविलें. सारांश, आगगाडीचा जन्मच मुळीं टेबलावर मावणाऱ्या यंत्रापासून झाला.

१८९८ सालीं लंडनमध्यें पर्सिव्हल मार्शल यानें 'मॉडेल इंजिनीयर' हें नियतकालिक काढलें, आणि त्याच वर्षीं तेथें या छंदाच्या लोकांची मंडळीही स्थापन झाली. घरच्या खोलींत लेथ मांडून बसणाऱ्या हौशी माणसास आतां मार्गदर्शक मिळाला. तथापि एक मोठी अडचण शिल्लक होती. अगदीं लहान इंजिनें बहुधा स्पिरिटवर चालत. इतक्या लहान भट्टींत कोळसा जाळून माणूस ओढण्याइतकी वाफ मिळविण्याची आशा थोड्यांनाच वाटे.

या शंकेस आधार नव्हता असें नाहीं. साडेतीन इंच अंतराच्या रुळांवर धांवणारें इंजिन मोठ्या इंजिनाच्या सुमारें सोळाव्या हिश्शाचें असतें. लांबी सोळापट घटली कीं पृष्ठभाग २५६ पट घटतो, पण घनफळ ४,०९६ पट घटतें. अर्थात् आंतील पाण्याच्या मानानें उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग सोळापट वाढतो. मोठ्या बॉयलरांतील दोन इंची धुरनळी त्याच मापानें लहान केली, तर ती इंचाच्या आठव्या भागाइतकी होऊन काजळीनें लवकरच बुजेल. बाहेरचें रूप प्रमाणांत आणतां येतें. अग्नीचे व पाण्याचे नियम आणतां येत नाहींत. म्हणून लहान बॉयलरांत नळ्या संख्येनें थोड्या व तोंडानें मोठ्या ठेवाव्या लागतात.

ही गोष्ट प्रत्यक्ष करून दाखविणारा मनुष्य तारुण्यांत रेल्वेच्या इंजिनशेडमध्यें राबलेला होता. लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेच्या आद्याक्षरांवरून त्यानें 'एल्. बी. एस्. सी.' हें टोपणनांव घेतलें. १९२२ च्या सुमारास 'मॉडेल इंजिनीयर'मध्यें 'बॉयलरांची लढाई' म्हणून प्रसिद्ध असलेला वाद माजला. त्यांत त्याच्या अडीच इंची 'आयेशा' या इंजिनानें कोळशावर वाफ धरून माणसें ओढलीं व वादाचा निकाल रुळांवरच लावला. १९२४ पासून पुढें अनेक वर्षें तो त्या नियतकालिकांत लिहीत राहिला. त्याची भाषा पंडिती नव्हती. शेजारीं बसून सांगावें तशी ती होती.

त्याच्या परंपरेंतील शिकवणीचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधीं सांगाड्याच्या दोन पोलादी पट्ट्या एकत्र जखडून एकदमच भोकें पाडावयाचीं, म्हणजे दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात. मग ओतीव लोखंडाचीं चाकें लेथवर कातून आंसांवर बसवावयाचीं. दोन बाजूंचे क्रँक मात्र परस्परांशीं काटकोनांत पाहिजेत, नाहीं तर दोन्ही दट्टे एकाच वेळीं टोंकास जाऊन इंजिन अडून बसेल. त्यानंतर सिलिंडर व झडपा. हा सर्व भाग दाबलेल्या हवेवर फिरवून पाहिल्यावर मग बॉयलर. तो तांब्याच्या पत्र्याचा, व त्याचे सांधे चांदीच्या डाखाचे. चौरस इंचास ८० पौंड दाबावर चालावयाच्या नव्या बॉयलरची परीक्षा १६० पौंडांवर घेतात, आणि तीही पाण्यानें. पाणी दाबाखालीं फारसें आकसत नाहीं, त्यामुळें सांधा उकलला तर नुसती गळती लागते. तीच परीक्षा हवेनें केल्यास प्राणावर बेतेल. ज्याला खेळणें म्हणावें, त्यांत धोका मात्र खरा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्यानें खास नवशिक्यांसाठीं 'टिच' या चार चाकी इंजिनाची कृति सांगितली. १९६७ सालीं तो निवर्तला, आणि १९६८ सालीं ब्रिटिश रेल्वेनें मुख्य मार्गांवरील वाफेचीं इंजिनें बंद केलीं. परंतु टिच आजही घराघरांत बनत आहे. मोठे कारखाने बंद पडले कीं त्यांचीं यंत्रें वस्तुसंग्रहालयांत जातात. कारागिरास मात्र संग्रहालयांत ठेवतां येत नाहीं. ती कला जगावयाची असेल, तर कोणा नवशिक्यानें पहिली पट्टी हातीं घेऊन तीवर कानस चालविलीच पाहिजे.